पूलला कूलर लावायचाय, पण घरात सीओपीडीचा पेशंट आहे

पत्राचा गोषवारा: ॲरिझोनात, फिनिक्सच्या एका उपनगरात राहणाऱ्या वाचक भगिनीचं हे पत्र. माहेर-सासर दोन्ही नागपूरचं. घरामागे पंधरा हजार गॅलनचा पोहण्याचा पूल आहे. जुलैत त्याचं पाणी ९५ फॅरनहाइटला, म्हणजे ३५ अंश सेल्सिअसला टेकतं आणि मुलं 'हे तर वरण आहे' म्हणून उतरायला तयार नसतात. नवऱ्याने बाष्पीभवनावर चालणारा पूल कूलर लावायचं ठरवलंय, कोटेशनही आलंय. मे महिन्यात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतायत. सासरे बहात्तर वर्षांचे. बरीच वर्षं सिगारेट ओढली, आता सोडली आहे, पण सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आवळून धाप लावणारा फुफ्फुसाचा जुना आजार, मागे लागला तो लागलाच. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी त्यांना पाण्यात चालायला सांगितलंय. नणंदेने घरच्या ग्रुपवर न्यूयॉर्कच्या कूलिंग टॉवरमुळे (मोठ्या इमारतींच्या एसीचं पाणी गार करणाऱ्या यंत्रामुळे) पसरलेल्या न्यूमोनियाची बातमी टाकली. नवरा म्हणतो, 'पाण्यात क्लोरीन आहे ना, मग?' सासरे फोनवर हसले, 'अगं, आपल्या गच्चीतला कूलरच की हा! जन्मभर त्याच्यासमोर झोपलोय.' पूलची देखभाल करणारा माणूस आठवड्यातून एकदा येतो, मधल्या दिवसांत कुणी पाणी बघत नाही. ताई लिहितात, 'नको म्हटलं तर मी प्रत्येक गोष्टीत मोडता घालते असं होणार. हो म्हटलं आणि बाबांना काही झालं, तर ते जन्मभर मलाच लागून राहणार. मी काय करू?'

ताई,

तुमच्या घरात तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत, म्हणूनच हा वाद मिटत नाहीये. नणंदेने सांगितलेला धोका खरा आहे, नवऱ्याचं क्लोरीनचं म्हणणंही खरं आहे, आणि हे यंत्र गच्चीतल्या कूलरच्या जातीचं आहे हे बाबांनी अचूक ओळखलंय. प्रत्येकाने फक्त आपल्या अर्ध्यावर थांबायचं ठरवलंय. उरलेलं अर्धं तुमच्या वाट्याला आलंय, तेव्हा तेच आधी बघू.

पूल कूलर हा एक मोठा ड्रम किंवा पेटी असते. फिल्टरमधून गाळून आलेलं पाणी पूलमध्ये परत जाण्याआधी एका वेगळ्या पाइपने या ड्रममध्ये चढवतात. आत नोझलमधून त्याचे तुषार उडतात आणि पंखा बाहेरची कोरडी हवा त्या तुषारांमधून ओढून बाहेर फेकतो. थेंब खाली पडेपर्यंत त्यातलं थोडं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. गार झालेलं पाणी उताराने पूलमध्ये उतरतं. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही. वीज लागते ती पंख्याला आणि पूलच्या नेहमीच्या पंपाला.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी उडून गेलं की हजार लिटर पाणी साधारण ०.६ अंश सेल्सिअसने खाली येतं. तुमच्या पूलमध्ये सुमारे ५७ हजार लिटर पाणी आहे. ते ३५ वरून ३० वर आणायचं तर पाचशे लिटरच्या आसपास पाणी हवेत जाणार. वाळवंटात राहून हे करायचं आहे याचीही जाणीव असू द्या, पण तो वेगळा वाद झाला.

यंत्र कितपत काम करेल हे हवेच्या कोरडेपणावर ठरतं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरलं की जो आकडा दिसतो, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. असा कुठलाही कूलर पाण्याला त्या आकड्याच्या खाली नेऊ शकत नाही, प्रत्यक्षात तो त्याच्या काही अंश वरच थांबतो. फिनिक्समध्ये जूनच्या दुपारी ४२ अंश आणि १० टक्के आर्द्रता असेल, तर वेट बल्ब येतं २० च्या आसपास. म्हणजे भरपूर वाव आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याकडचा मॉन्सून आला, हवा ४० अंश आणि आर्द्रता ३० टक्के झाली, की तेच २६ वर चढतं. कूलर तेव्हाही चालेल, पण जूनइतका नाही. कोटेशन देणाऱ्याने जो आकडा सांगितला असेल, तो कुठल्या महिन्याचा हे जरूर विचारा.

आता बाबांचा गच्चीतला कूलर. त्यात पाणी वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या ताट्यांवरून झिरपतं आणि हवा ओल्या ताट्यांमधून जाते. तिथून खोलीत येते ती मुख्यतः वाफ, आणि वाफेवर बसून जंतू येत नाहीत. पूल कूलरमध्ये पाणी मुद्दाम फवारलं जातं. बरेचसे थेंब खाली पडतात, पण जे अगदी बारीक असतात ते पंख्याच्या झोताबरोबर बाहेर निघतात. त्या थेंबात पाण्यातलं जे असेल ते सगळं असतं. बाबांची तुलना इथे तुटते. नागपुरात असताना त्यांनी श्वासात घेतली ती ओली हवा होती, इथे तुषार असतील.

नणंदेच्या बातमीतला जंतू म्हणजे लिजिओनेला. १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन या संघटनेचं अधिवेशन झालं. त्यानंतर सव्वादोनशेच्या आसपास माणसं आजारी पडली, ३४ दगावली, आणि जंतू सापडायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. २०१५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये १३८ जणांना तो आजार झाला, १६ मृत्यू झाले, आणि माग एका इमारतीवरच्या कूलिंग टॉवरपर्यंत गेला. त्यानंतर त्या शहराने टॉवरची नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली. तत्त्व बघितलं तर तुमचा पूल कूलर म्हणजे लहानसा कूलिंग टॉवरच आहे, त्यामुळे नणंदेला उगाच घाबरणारी म्हणून बाजूला सारू नका.

पण मला यापेक्षा महत्त्वाची वाटते ती १९९९ ची नेदरलँड्समधली घटना. एका फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी मांडलेला बुडबुड्यांचा गरम टब चालू ठेवला होता. त्यातून पसरलेल्या लिजिओनेलाने किमान ३२ माणसं गेली. यातले बहुतेक जण त्या टबच्या जवळून नुसते चालत गेले होते. हा आजार पाण्यात उतरल्याने होतो असं नव्हे, तुषार श्वासातून फुफ्फुसात गेले की होतो. एकाचा दुसऱ्याला सहसा लागत नाही.

म्हणून तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला उलटी करावीशी वाटते. 'बाबांना पूलमध्ये उतरू द्यायचं नाही असं मी ठरवून टाकलंय,' असं तुम्ही लिहिलंय. बाबा स्वच्छ पाण्यात संथपणे चालत असतील, तर लिजिओनेलाच्या बाबतीत ती काही मोठी काळजी नाही. काळजी आहे ती त्या खुर्चीची, जी तुम्ही त्यांच्यासाठी पॅटिओवर, म्हणजे मागच्या फरसबंद अंगणात, ठेवणार आहात आणि जिच्या दिशेने कूलरचं तोंड असेल. त्यांना पूलपासून लांब ठेवून तुम्ही धोका टाळलात असं वाटेल, आणि ते रोज सकाळी पेपर वाचत नेमके त्या झोतात बसलेले असतील.

नवऱ्याचं म्हणणं मी शेवटी ठेवलंय, कारण ते सर्वांत पटणारं आणि म्हणूनच सर्वांत फसवं आहे. क्लोरीन लिजिओनेलाला मारतो, हे खरंच. कूलर जंतू तयार करत नाही, तुमच्या पाण्यात जे आहे तेच हवेत सोडतो. पाणी नीट राखलेलं असेल तर त्या तुषारांमध्ये घाबरण्यासारखं फारसं नसतं. प्रश्न 'नीट राखलेलं' म्हणजे काय, हा आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची, म्हणजे सीडीसीची पूलसाठीची शिफारस अशी: मुक्त, म्हणजे अजून खर्ची न पडलेला, क्लोरीन कमीत कमी १ पीपीएम (दहा लाख भागांत एक), पाण्यात स्टॅबिलायझर (क्लोरीन उन्हात टिकवणारं रसायन) असेल तर कमीत कमी २, आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा, ७.० ते ७.८ च्या दरम्यान.

कूलर लावला की यातला पीएच हलायला लागतो, आणि हे विक्रेता बहुधा सांगत नाही. पाणी हवेत फवारलं की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच वर सरकतो. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यात पीएच ७.५ असताना क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारणाऱ्या जोरकस रूपात असतो. पीएच ८ झाला की तो जेमतेम पाव उरतो. चाचणीच्या पट्टीवर क्लोरीनचा रंग छान दिसतो, फक्त त्याचा जोर ओसरलेला असतो. तुमच्याकडे बहुतेक पूलवाले तरंगत्या डब्यात ज्या पांढऱ्या गोळ्या टाकतात, त्यातून स्टॅबिलायझरही पाण्यात पडत राहतो. तो उन्हापासून क्लोरीनला वाचवतो, पण त्याला बांधूनही ठेवतो, आणि पाणी उडून गेलं तरी तो मागेच राहतो. दोन-तीन उन्हाळ्यांत त्याचं प्रमाण इतकं वाढतं की क्लोरीन आहे पण हळू काम करतो, अशी अवस्था येते. त्यावर गोळी नाही. हिवाळ्यात थोडं पाणी काढून नवं भरायचं, एवढाच उपाय.

त्यात तुमचं नळाचं पाणी क्षाराचं. पाणी उडतं, क्षार उरतात, नोझलवर आणि ड्रमच्या भिंतीवर पांढरा थर चढतो. त्या थराखाली बुळबुळीत पापुद्रा धरतो आणि तिथे लिजिओनेलाला क्लोरीनपासून आडोसा मिळतो. या जंतूला २५ ते ४५ अंशांचं पाणी मानवतं. तुमचा ३५ अंशांचा पूल त्याच्या आवडीच्या बरोब्बर मध्ये आहे. त्यामुळे पाणी गार करणं हे आरोग्याच्या दृष्टीने वाईट काम मुळीच नाही. आत्ता जो पूल आठवडाभर कुणी तपासत नाही, त्याबद्दलच मला जास्त काळजी वाटते.

तेव्हा नवऱ्याला 'आजार होईल का' असं विचारू नका. त्यावर तो 'क्लोरीन आहे' म्हणेल आणि तुम्ही पुन्हा तिथेच याल. 'आठवड्यात मधल्या दोन-तीन दिवशी पाणी कोण तपासणार?' असं विचारा, आणि ज्याला कूलर हवाय त्यानेच ते करायचं, हे कोटेशनवर सही होण्याआधी ठरवा. पट्टी बुडवून क्लोरीन आणि पीएच बघायला आणि लागलं तर पीएच उतरवायला ॲसिड घालायला दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं हळूहळू तुमच्या गळ्यात येणार असतील, तर मोडता घालायला हरकत नाही. त्यात सासऱ्यांचा प्रश्नही येत नाही.

दुसरी एक गोष्ट तुम्ही सगळ्यांनीच गृहीत धरली आहे: पूल जितका थंड तितका चांगला. शर्यतीच्या पूलचं पाणी २५ ते २८ अंश असतं, कारण तिथे अंग तापतं. धरलेल्या गुडघ्यांनी पाण्यात चालायचं असेल तर २९-३० अंशांचं कोमटसर पाणीच बरं. मुलांनाही तेवढ्यात मजा येते. म्हणजे तुम्हाला पाच अंशांचा उतार पुरतो, दहा अंशांची हाव धरायचं कारण नाही. आणि बाबांना छातीपर्यंत पाण्यात उतरवण्याआधी त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना जरूर विचारा. छातीवर पाण्याचा दाब आला की श्वास घ्यायला जास्त जोर लागतो, सीओपीडीत तो जाणवतो. कमरेइतक्या पाण्यात चालणं वेगळं.

पाचच अंश हवे असतील, तर मी कूलरच्या आधी सावलीवर पैसे घालीन. जूनमध्ये तुमच्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला आठेक युनिट (किलोवॅट-तास) ऊन पडतं. तुमचा पूल चाळीस चौरस मीटरचा धरला तर ती झाली ३२० युनिट उष्णता, आणि तेवढी सगळी पाण्यात मुरली तर ५७ हजार लिटर पाणी जवळजवळ पाच अंशांनी तापतं. त्यातली बरीच रात्री परत जाते, पण निम्म्या पूलवर दाट शेड सेल (सावलीचं कापड) ताणलं तर चाळीसेक टक्के उष्णता मुळात आतच येत नाही. पाणी कमी उडतं, क्लोरीन कमी जळतो, बाबांना बसायला सावली मिळते. त्याच्या जोडीला पूलच्या परतीच्या पाइपला लावायचं साधं कारंजं रात्री चालवता येतं. तेही तुषारच उडवतं, तेव्हा पाणी राखण्याचे नियम त्यालाही लागू, पण तिथे पंखा नसल्याने तुषार फार लांब जात नाहीत. ज्यांना पैसा आहे आणि तुषार अजिबातच नकोत, त्यांच्यासाठी पाणी थंड करणारे हीट पंपही मिळतात. यंत्र महाग, वीज जास्त, पण पाणी पाइपच्या बाहेर येत नाही.

एवढं करूनही कूलर हवाच असेल, तर लावा. पण जागा तुम्ही निवडा. झोताचं तोंड पॅटिओ, बेडरूमच्या खिडक्या आणि शेजाऱ्यांचं अंगण यांच्यापासून दूर, संध्याकाळी वारा कुठून येतो ते बघून. हवा बाहेर पडते तिथे थेंब अडवणाऱ्या पट्ट्या आहेत का, हे विक्रेत्याला विचारा. मोठ्या टॉवरना त्या असतातच. चालवायचा तो रात्री, सगळे झोपल्यापासून पहाटेपर्यंत. रात्री वेट बल्बही उतरलेलं असतं आणि पॅटिओवरही कुणी नसतं. धुळीचं वादळ येऊन गेलं की आधी क्लोरीन जागेवर आणायचा, मग कूलर. दोन आठवडे बंद राहिला तर त्या पाइपात पाणी साचून राहिलेलं असतं. पहिल्यांदा पंखा बंद ठेवून, वाढीव क्लोरीनचं पाणी त्यातून चांगलं फिरवून घ्यायचं. हंगाम संपला की पूर्ण निथळून कोरडा करायचा. क्षार खरवडायचं काम एन-९५ मास्क लावून, आणि ते बाबांनी 'मी करतो रे' म्हणून हातात घ्यायचं नाही. नागपूरची माणसं कूलर दिसला की गप्प बसत नाहीत, म्हणून आधीच सांगते.

आजाराबद्दलही थोडं. पन्नाशीपुढचं वय, सिगारेटची जुनी सवय आणि फुफ्फुसाचा जुना आजार या तिन्ही गोष्टींनी लिजिओनेलाचा धोका वाढतो आणि बाबांकडे तिन्ही आहेत. लागण झाल्यापासून दोन ते चौदा दिवसांत ताप, खोकला, धाप, अंगदुखी, कधी जुलाब सुरू होतात. दहातला एक रुग्ण दगावतो, म्हणून वाट बघत बसायचं नाही. ॲरिझोनात अशी लक्षणं दिसली की डॉक्टरांच्या डोक्यात आधी व्हॅली फीव्हर येतो, तो तिथल्या मातीतल्या बुरशीचा आजार, आणि त्यांचं चुकतही नाही. तुम्ही फक्त सांगायचं की घरी पाणी फवारणारा कूलर आहे, लिजिओनेलाची लघवीची तपासणीही करा. पेनिसिलिनच्या कुटुंबातली औषधं यावर चालत नाहीत. लिव्होफ्लॉक्सासिन किंवा अझिथ्रोमायसिन द्यावं लागतं, आणि ते लवकर सुरू झालं तर माणूस बहुधा सावरतो. आणखी एक, बाबांचा प्रवासी विमा घेताना जुन्या आजारांचं कलम वाचा. बऱ्याच पॉलिसी तिथेच हात वर करतात.

बाबांना मात्र यातलं काही लपवून सांगू नका. तुम्ही सगळे त्यांच्या फुफ्फुसांची चर्चा ग्रुपवर करताय आणि त्यांना कुणी नीट विचारलेलंच दिसत नाही. सकाळी कुठे बसायला आवडेल, पूलमध्ये उतरायचंय का, हे त्यांनाच विचारा. कदाचित ते म्हणतील की मला एसीतच बरं वाटतं, आणि मग निम्मा प्रश्न उरणारच नाही.

हे पत्र वाचून नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या सोसायट्यांमधले काही जण कमिटीत विषय काढतील. तुमच्याकडे मेच्या दुपारी ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना वेट बल्ब २३ च्या आसपास राहतं, त्यामुळे हे यंत्र चालेल. पण सोसायटीच्या पूलमध्ये रोज कितीतरी माणसं उतरतात, बोअरवेलचं पाणी क्षाराचं असतं, आणि तळमजल्यावरच्या आजी-आजोबांच्या खिडक्या बरोबर पूलच्या कडेला उघडतात. क्लोरीन-पीएचची वही रोज कुणी भरत नसेल तर कूलरचा ठराव मांडू नका, वही आधी सुरू करा. मुंबई, कोकण आणि गोव्यातल्यांसाठी उत्तर फार छोटं आहे. मेमध्ये ३४ अंश आणि ६५ टक्के दमटपणा असताना वेट बल्ब २८ च्या पुढेच असतं, त्यामुळे कूलर रात्रंदिवस फिरला तरी पाणी अंश-दोन अंश उतरेल. तिथे कोटेशन परत करा आणि पूलवर कापड ताणा.